मेटल गिअरची सर्व्हो झकास, पुली सेटनं मात्र डोकं खाल्लं

पोट्ट्याच्या रोबो-हातासाठी सर्व्हो (सांगितल्या कोनात वळणारी बारकी मोटर) अन् पुली सेट मागवला राजेहो. आधीच्या निळ्या ९ ग्रॅमवाल्या सर्व्होचे प्लास्टिकचे दात कापसाचं बोंड तोडतानाच झडले होते, म्हणून आता एमजी ९० एस घेतली, मेटल गिअर, वजन साडेतेरा ग्रॅमच्या आसपास, अजून तरी एक दात गेला नाही. जीटी-२ पुली (दातेरी बेल्ट फिरवणारी) २० दातांची, ५ मिमी भोकाची, ते मात्र स्टेपर मोटरच्या गोल शाफ्टवर (दांड्यावर) नुसती घसरे, मंग कानशीनं शाफ्टवर सपाट जागा घासली, बारका स्क्रू बरोबर तिथंच आवळला अन् थेंबभर लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावलं तवा कुठं पकडली. बेल्ट लय ताणू नका, मोटरच्या बेअरिंगवर जोर येते. पाकिटात स्क्रू एकच होता, दुसऱ्यासाठी आर्वीभर फिरलो न बाप्पा! ३ स्टार.