पिकअपचे सहा हजार वेगळे

हे लिहिताना लाज वाटते, कारण फॉर्मवर सही माझी आहे.

धाकट्या भावाला सकाळी दात घासायच्या आधी क्वार्टर लागायची. गल्लीतल्या मेडिकलवाल्याने एका व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर दिला. (त्याला माणशी कमिशन मिळतं, हे फार उशिरा कळलं.) फोनवरचा माणूस गोड बोलला. महिन्याचे १८,००० रुपये, तीन महिन्यांचे आधी भरायचे, शिवाय 'पिकअप'चे ६,०००. "पेशंट तयार नसला तरी चालेल साहेब, आमची पोरं येतात. तुम्ही फक्त दार उघडा."

पहाटे पाचला चौघं आले. झोपेतल्या माणसाला लुंगीवर उचलून गाडीत घातला. दार मीच उघडलं होतं.

तो किती पितो, शेवटची कधी घेतली, आधी कधी फिट आली का, हे कुणी विचारलं नाही. मलाही ते खटकलं नाही. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे भास, थरथर, बडबड सुरू होऊन माणूस दगावूही शकतो. म्हणून सुरुवातीचे काही दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं. भावाला दुसऱ्या रात्री फिट आली. 'नाटक करतोय' म्हणत पोरांनी त्याला पलंगाला बांधून टाकलं. ती पोरं म्हणजे तिथलेच जुने पेशंट.

आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ४५ दिवस भेट नाही, फोन नाही, का तर 'घरचे पाघळतात'. एकोणिसाव्या दिवशी तिथून सुटलेल्या एका गृहस्थांचा फोन आला, "तुमच्या माणसाला घेऊन जा." न कळवता जाऊन धडकलो. पत्र्याचं शेड, एका खोलीत अकरा जण. भावाच्या मनगटावर दोरीचे वळ होते. डॉक्टर कुठे आहेत विचारलं, तर 'रविवारी येतात'. पैसे परत मागितल्यावर पावती दाखवली. तिच्यावर 'वेलनेस सेंटर' छापलेलं, व्यसनमुक्तीचं नावही नाही.

तिथून थेट सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत गेलो. तिथल्या मॅडमनी आधी भावाकडे बघून विचारलं, "शेवटची कधी घेतलीत?" मला रडू आलं.

कायद्याचं त्यांनीच सांगितलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही येतात. ठेवून घेऊन असे उपचार करणाऱ्या केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर त्याला दाखल करण्याआधी दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचं असतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. साखळदंडाने बांधायला तर सरळ बंदी. मी नोंदणीचा कागद मागितला असता, तर गोड बोलणाऱ्याचं बोलणं तिथेच आटोपलं असतं.

आणि मार्ग काही एकच नव्हता. ओपीडीतून गोळ्या आणि समुपदेशन होतं, हॉस्पिटलमध्ये थोडे दिवस राहता आलं असतं. पुण्याच्या मुक्तांगणसारखी, १९८६ पासून उघडपणे चालणारी निवासी केंद्रं आहेत, तिथला मुक्काम सुमारे पाच आठवड्यांचा. ए.ए. (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस) म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा आपापसातला गट, त्याच्या मीटिंगला तर फी नाहीच. नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४४६. तो फोन फुकट होता, आणि मी ६०,००० भरून बसलो.

तक्रार दिली आहे, अजून उत्तर नाही.

भाऊ आता ओपीडीला जातो, गुरुवारी ए.ए.च्या मीटिंगला. मध्ये एकदा घसरला, ते त्याने स्वतःच सांगितलं. माझ्याशी बोलतो, कामापुरतं. रात्री दाराची कडी तो स्वतः लावतो, आणि मी झोपलो की उठून पुन्हा एकदा बघून येतो.