‘किंमत सगळीकडे एकच’ या वाक्यावर मी फसले

मी एका पतसंस्थेत २२ वर्षं लेखापाल आहे. रोज दुसऱ्यांचे हिशोब तपासते. म्हणूनच हे लिहायला दोन महिने लागले, कारण घरात आणि ऑफिसात ‘तुझ्यासारखीनं कागद वाचायला नकोत का?’ हे ऐकून ऐकून मान खाली गेली होती. कागद मी वाचले. पण पैसे भरल्यावर वाचले.

२०२५ साली २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. आधी २८ टक्के आणि वर सेस होता. ज्या पेट्रोल गाडीवर आमची नजर होती ती ७,८४,००० एक्स-शोरूमला, म्हणजे नोंदणी आणि विमा सोडून, बसत होती. कंपनीच्या साइटवर तोच आकडा, सातारा-कोल्हापूर पट्ट्यातल्या तिन्ही डीलरांकडे तोच आकडा. एक रुपया इकडेतिकडे नाही. मग डीलर निवडायचा तो कशावरून? मी निवडला जागेवरून. महामार्गालगतचं मोठं काचेचं शोरूम, बसायला सोफे, आणि भिंतीवर पाटी: ‘एकच दर, घासाघीस नाही’. मला ती पाटी आवडली. लहानपणापासून बाबांबरोबर एकदर असलेल्या कापडदुकानातच खरेदी केली. घासाघीस नाही म्हणजे लबाडी नाही, असा माझा समज.

तालुक्याच्या गावातल्या लहान डीलरनं ओळ न् ओळ लिहून दिलं होतं. कर किती, फी किती, सगळं. विमा तुमचा तुम्ही आणा म्हणाला. पण गाडी दसऱ्यानंतर आठ दिवसांनी देणार होता. मोठ्या शोरूमनं दसऱ्याला देतो म्हटलं आणि मी २१,००० बुकिंग भरून टाकलं. एकदा बुकिंग भरलं की तुमचं तोंड बंद होतं, हे तेव्हा कळलं नाही.

कोटेशन नंतर आलं: गाडी ७,८४,०००, आरटीओ ९८,४००, विमा ४६,८५०, हँडलिंग ७,५००, ‘एसेन्शियल किट’ १८,९००, फास्टॅग ६००. एकूण ९,५६,२५०. पहिली ओळ पक्की म्हणून मी बाकीच्या ओळीही पक्क्या धरल्या. सगळी चूक इथं आहे. दर फक्त पहिल्या ओळीचा ठरलेला असतो. खाली त्यांना हवं ते लिहायला मोकळं रान असतं, आणि वर ‘घासाघीस नाही’ म्हणत ते खालीच कमावतात. डीलर निवडायचा तो या खालच्या ओळींवरून. तीन ठिकाणची लेखी कोटेशनं शेजारी ठेवा आणि पहिली ओळ झाकून वाचा.

मी काहीच विचारलं नाही असं नाही. विमा बाहेरून आणते म्हटलं. सेल्समन म्हणाला, ‘आणा ना मॅडम, पण मग आमच्याकडे कॅशलेस मिळणार नाही, आणि पासिंग दसऱ्याच्या आत होईल याची गॅरंटी नाही.’ साफ खोटं. कॅशलेस मिळणं, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीनं थेट गॅरेजला भरणं, हे त्या गॅरेजचा तुमच्या विमा कंपनीशी करार आहे की नाही यावर असतं. पॉलिसी कुणी विकली याच्याशी त्याचा संबंध नाही. ग्राहकावर ठरावीक कंपनीची पॉलिसी लादू नये असं विमा नियामकानं वाहन विक्रेत्यांना २०१७ सालीच बजावलेलं आहे. पण सासूबाई शेजारी बसल्या होत्या, मुलगी गाडीचा रंग बघत होती, आणि दसरा हातचा जाईल ही भीती. मी सही केली.

नंतर त्याच विमा कंपनीच्या साइटवर तीच गाडी, तेच अॅड-ऑन (जादा संरक्षणं) टाकून पाहिलं. ३१,२०० रुपये. १५,६५० जास्त घेतले होते. तीन वर्षांच्या थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीच्या विम्याचा, दर सरकारनं ठरवलेला आहे, माझ्या १,१९७ सीसीच्या गाडीला १०,६४० अधिक जीएसटी. तो कुणाला वाढवता येत नाही. म्हणजे फुगवटा सगळा ओन डॅमेजच्या, आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात असतो. तो आकडा वेगळा लिहून मागा.

आता दसऱ्याचा दिवस. हा प्रसंग आठवला की अजून झोप उडते.

गाडी गालिच्यावर उभी, वर लाल साटीनचं कापड. सेल्समनची एकच घाई, ‘मॅडम, साडेअकराच्या आत उचला, मुहूर्त चाललाय.’ दसरा साडेतीन मुहूर्तांतला. अख्खा दिवस मुहूर्त. हे पोरासोरांना माहीत असतं, मला माहीत होतं, तरी मी पदर खोचून घाईघाईनं कागदांवर सह्या करत सुटले. फॉर्म २२, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचं कंपनीचं प्रमाणपत्र, गठ्ठ्यात होता. ‘यात गाडी तयार झाल्याचा महिना असतो ना?’ असं विचारलंही. तो म्हणाला, ‘ते आरसीवर येतंच’, आणि कागद उलटला. मी उलटू दिला.

मग नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली, ह्यांनी चावी फिरवली. गाडी चालू झाली नाही. दुसऱ्यांदाही नाही. मागून एक पोरगा केबल घेऊन आला, बॉनेट उघडलं, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करून दिली. म्हणाला, ‘नवीन गाडीला होतं असं, सेट व्हायला वेळ लागतो.’ आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. पेढे वाटले. नव्या गाडीची बॅटरी का मरेल? जी महिनोन्‌महिने यार्डात उन्हापावसात उभी असते तिचीच बहुतेकदा मरते. माझ्या डोळ्यांसमोर केबल लावली त्यांनी. तिथंच मी ‘थांबा’ म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण सणाच्या दिवशी चारचौघांत भांडण नको वाटलं. त्यांनी त्या लाजेवरच भिस्त ठेवली होती, असं मला आज वाटतं.

आरसी आली. उत्पादन: ११/२०२४. अकरा महिने पडून असलेली, २०२४ ची गाडी, २०२५ च्या पूर्ण दरात. विकायला काढाल तेव्हा समोरचा वर्षच बघतो. भाच्यानं टायर पाहिले, त्यावर ४२२४ छापलेलं, म्हणजे २०२४ चा बेचाळिसावा आठवडा. कुठल्याही टायरच्या बाजूला हा चार आकडी शिक्का असतो, दोन मिनिटांचं काम आहे. गाडी यार्डात असतानाच जाऊन बघा, चासी नंबर लिहून घ्या आणि नोंदणीआधी फॉर्म २२ हातात मागा. एकदा नंबर पडला की गाडी तुमची.

आरटीओच्या ९८,४०० ची पावती त्यांनी दिलीच नाही. मी सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवरून काढली: ९०,३१५. कर ११ टक्क्यांनी ८६,२४०, बाकी सेस, नोंदणी, कर्जाचा बोजा चढवण्याची फी वगैरे. ८,०८५ कुठं गेले? ‘किरकोळ खर्च, मॅडम.’ हँडलिंगचे ७,५०० कशाचे, तर यार्डातून शोरूमपर्यंत गाडी आणायचे. ती आणून विकणं हा त्यांचाच धंदा ना? किटमध्ये मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप आणि टेफ्लॉन कोटिंग. गावातल्या दुकानदारानं तेच ७,२०० ला सांगितलं, म्हणजे ११,७०० वर. सगळं मिळून ४२,९३५ रुपये. माझा महिन्याचा पगार याहून कमी आहे. आधीच्या वर्षाच्या गाडीवर जी सूट मागायला हवी होती ती वेगळीच.

मग दारं ठोठावणं सुरू झालं. आरटीओच्या खिडकीवर उत्तर मिळालं, ‘आमच्याकडे भरलेल्या कराची पावती बरोबर आहे, शोरूमनं तुमच्याकडून काय घेतलं ते आम्ही बघत नाही.’ डीलरला विक्रीचं प्रमाणपत्र परिवहन खात्याचंच लागतं. मग बघणार कोण? लेखी अर्ज दिला, आवक शिक्का मारून घेतला, दोन महिन्यांत एक ओळ उत्तर नाही. पोलिस ठाण्यात हवालदार म्हणाला, ‘सही तुमचीच आहे ना ताई? दिवाणी मामला आहे.’ तास बाकड्यावर बसवून हे सांगितलं. विमा कंपनी म्हणते पॉलिसी तुमच्या संमतीनं निघाली. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, ती गाडीच्या कंपनीकडे गेली. कंपनीचं उत्तर दोन ओळींचं: डीलर स्वतंत्र व्यापारी आहे, इतर आकारांशी आमचा संबंध नाही. पाटी तुमची, दर तुमचा, जाहिरात तुमची, आणि लुबाडणूक झाली की डीलर स्वतंत्र? तरीही १९१५ वर नोंदवाच, तो तक्रार क्रमांक पुढे जोडता येतो.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार घातली. पाच ते दहा लाखांच्या खरेदीला फी फक्त २०० रुपये, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. पहिली तारीख लांबची मिळाली आहे. शोरूमचा मॅनेजर फोन करून ‘फ्री सर्व्हिसिंग आणि ५,००० घ्या, मिटवून टाका’ म्हणतो. लेखी द्या म्हटलं की फोन ठेवतो. फोनवर काहीही कबूल करणाऱ्याला व्हॉट्सअॅपवर लिहायला लावा. मी लावलं नाही, म्हणून केबलचा प्रसंग आज फक्त माझ्या शब्दावर उभा आहे. त्या दिवशीच्या व्हिडिओत नारळ आहे, पेढे आहेत, केबल नाही. गाडी चालू होईना तेव्हा मुलीनं मोबाइल बंद केला होता.

२०२५ च्या दसऱ्याच्या आठवड्यात महामार्गालगतच्या शोरूममधून गाडी उचललेल्यांनी आजच आरसीवरचा महिना बघावा. तिथं २०२४ दिसलं तर कोटेशनची मूळ प्रत फाडू नका, मला कळवा. आयोगापुढे मी एकटी आहे, आणखी दोघं-तिघं आले तर ‘एखादी चुकून गेली’ असं त्यांना म्हणता येणार नाही.