आधी छोटं कर्ज की आधी महाग कर्ज?

घरावर तीन-चार कर्जं आहेत आणि सगळे हप्ते भागवून महिन्याला थोडी रक्कम शिल्लक राहते. ती कुठल्या कर्जात घालायची, हा प्रश्न. ठरलेले हप्ते आणि क्रेडिट कार्डाची किमान रक्कम तर भरायचीच. प्रश्न फक्त वरच्या रकमेचा आहे. एक पद्धत म्हणते, सगळ्यांत लहान कर्ज आधी मिटवा. दुसरी म्हणते, ज्याचा व्याजदर सगळ्यांत जास्त ते आधी. कर्ज मिटलं की त्याचा हप्ता पुढच्या कर्जाला जोडायचा, हे दोन्हीकडे सारखंच.

गणिताने महाग कर्ज आधी हेच बरोबर, असं लगेच सांगितलं जातं. खरंच आहे. पण किती फरकाने, हे मांडून पाहिलं की उत्तर घरागणिक बदलतं.

दोन घरं घेऊ. दोघांवर प्रत्येकी एकूण २,००,००० चं कर्ज, आणि दोघंही महिन्याला १४,००० कर्जापोटी काढू शकतात. त्यातले ५,००० हप्त्यांच्या वरचे.

घर 'अ': कार्डाची थकबाकी ६०,००० (वार्षिक ३६ टक्के, दरमहा किमान ३,०००), हप्त्यावर घेतलेल्या वस्तूचे २०,००० (१८ टक्के, हप्ता २,०००), वैयक्तिक कर्ज १,२०,००० (१२ टक्के, हप्ता ४,०००).

घर 'ब': दर तेच, रकमा उलट. कार्ड १,२०,००० (किमान ५,०००), वस्तूचे २०,००० (हप्ता १,५००), वैयक्तिक ६०,००० (हप्ता २,५००).

| | छोटं आधी | महाग आधी |
|---|---|---|
| 'अ': पहिलं कर्ज मिटतं | ३ऱ्या महिन्यात | ९व्या महिन्यात |
| 'अ': सगळं फिटतं | १७व्या महिन्यात | १७व्या महिन्यात |
| 'अ': एकूण व्याज | २५,८०१ | २४,३६८ |
| 'ब': पहिलं कर्ज मिटतं | ४थ्या महिन्यात | १५व्या महिन्यात |
| 'ब': सगळं फिटतं | १९व्या महिन्यात | १८व्या महिन्यात |
| 'ब': एकूण व्याज | ५२,१५० | ४०,८८२ |

(व्याज दरमहा, उरलेल्या मुद्दलावर. कार्डाची किमान रक्कम थकबाकीबरोबर कमी होत जाते, पण इथे ती स्थिर धरली आहे. तुम्हीही तसंच करा: पहिल्या महिन्याचा आकडा शेवटपर्यंत भरत राहा.)

'अ' घरात दीड वर्षाच्या फेडीत दोन पद्धतींतला फरक १,४३३ चा. तेवढ्या पैशांत तिसऱ्याच महिन्यात एक कर्ज यादीतून खोडलं जात असेल, तर सौदा वाईट नाही. 'ब' घरात तोच हट्ट ११,२६८ ला पडतो. कारण उघड आहे: तिथे सर्वांत मोठं कर्जच सर्वांत महाग आहे, आणि छोटं आधी घेतलं की ते दहाव्या महिन्यापर्यंत नुसत्या किमान रकमेवर ताटकळत राहतं. पहिल्या महिन्याचंच बघा. १,२०,००० वर ३,६०० व्याज लागतं, म्हणजे भरलेल्या ५,००० मधून मुद्दल घटतं जेमतेम १,४००.

'ब' साठी मधली वाटही आहे. वस्तूचं छोटं कर्ज आधी उडवायचं आणि मग थेट कार्डाकडे वळायचं, वैयक्तिक कर्ज शेवटी. एकूण व्याज ४३,३३९. चौथ्या महिन्यात एक हप्ता सुटतो आणि शुद्ध गणितापेक्षा सुमारे २,४५० जास्त जातात. पंधरा महिने एकही कर्ज न मिटण्याचा कंटाळा ज्या घराला झेपणार नाही, त्यांनी हीच वाट धरावी.

आपलं घर 'अ' की 'ब' हे ओळखायला वहीचं एक पान पुरतं. चार रकाने आखा: कर्जाचं नाव, आज उरलेलं मुद्दल, वार्षिक दर, हप्त्याची तारीख. प्रत्येक ओळीत मुद्दल गुणिले दर भागिले १,२०० करा; ते या महिन्याचं व्याज. सगळ्यांत मोठा आकडा सगळ्यांत लहान कर्जासमोर आला, तर वाद संपला. मोठ्या कर्जासमोर आला आणि बाकी सगळ्यांच्या बेरजेच्या दुप्पट-तिप्पट असला, तर छोट्याच्या मागे लागू नका. 'ब' मध्ये तो ३,६०० विरुद्ध ९०० आहे. 'अ' मध्ये १,८०० विरुद्ध १,५००.

दर लिहिताना एक फसगत हमखास होते. वस्तूंच्या कर्जावर दर अनेकदा 'सरसकट' सांगतात, म्हणजे फेड चालू असली तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर. दोन वर्षांसाठी सरसकट १० टक्के हे घटत्या मुद्दलावरच्या जवळपास १८ टक्क्यांएवढं असतं. पानावर १० लिहिलंत तर रांगच चुकेल. शिवाय अशा कर्जात जास्तीची रक्कम आधी भरून व्याज वाचेलच असं नाही. करारात मुदतपूर्व फेडीचं कलम वाचून घ्या.

रांगेत न बसणाऱ्या दोन गोष्टी. थकलेला हप्ता दराकडे न बघता आधी भरायचा, विशेषतः घर किंवा वाहन तारण असेल तर. आणि नातलगाकडून बिनव्याजी घेतलेले पैसे गणिताने शेवटी येतात, पण त्यांना दर महिन्याला, थोडे का होईना, ठरल्या तारखेला द्या. मध्ये दोन महिने गेले की ते कर्ज व्याजाशिवायही महाग होतं.

आता पद्धतीपेक्षा जास्त पैसे खाणारी गोष्ट: सुटलेला हप्ता. 'अ' घराने छोटं आधी पद्धतीने तिसऱ्या महिन्यात वस्तूचं कर्ज मिटवलं आणि तिथले २,००० पुढच्या कर्जाला न जोडता घरखर्चात मिसळू दिले, तर फेड १७ऐवजी १९ महिन्यांवर जाते आणि व्याज ३,२७३ ने वाढतं. म्हणजे कुठली पद्धत, यावर जेवढं डोकं खाजवलं त्याच्या दुपटीहून जास्त नुकसान या एका गळतीने. ती कोणी ठरवून करत नाही. पैसे बचत खात्यात दिसतात आणि खर्च होतात. म्हणून कर्ज मिटल्याच्याच दिवशी पुढच्या कर्जाचं स्वयंचलित देणं तेवढ्याने वाढवा, आणि तारीख पगारानंतरची दुसरी-तिसरी ठेवा. महिनाअखेर जे उरेल ते भरू, असं म्हणणाऱ्या घरात काही उरत नाही.

जास्तीची रक्कम भरताना ती 'मुद्दलात जमा' झाली पाहिजे. कित्येकदा ती पुढच्या महिन्याचा आगाऊ हप्ता म्हणून धरली जाते आणि व्याज तेवढंच राहतं. लेखी सूचना द्या आणि पुढच्या उताऱ्यात मुद्दल खरंच उतरलं का ते बघा.

कार्डाची थकबाकी फेडत असताना ते कार्ड वापरणं बंद. याचं कारण नुसतं शिस्तीचं नाही. जुनी थकबाकी पुढे ओढली जात असेल, तर नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत बहुतेक कार्डांवर मिळत नाही. खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होतं. किराणा कार्डावर घेऊन पगारातून कार्ड फेडणारं घर एका हाताने भरतं आणि दुसऱ्या हाताने ३६ टक्क्यांनी उसनं घेतं.

घरातल्या बाजूने दोन्ही पद्धती एकाच ठिकाणी मोडतात: वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांवर. विमा, शाळेची फी, वाहनाची दुरुस्ती, घरातलं कार्य. हे अचानक येत नाहीत, फक्त दरमहा येत नाहीत. वर्षभराची यादी करून बेरजेला बाराने भागा आणि तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात, कर्जाच्या जास्तीच्या रकमेच्याही आधी, बाजूला काढा. त्यामुळे ५,००० चे ३,५०० झाले तरी चालतील. पाचव्या महिन्यात फीसाठी पुन्हा कार्ड बाहेर आलं, तर आधीच्या चार महिन्यांची मेहनत वाहून जाते. याशिवाय निदान एका महिन्याच्या घरखर्चाएवढी रोकड हाताशी असल्याशिवाय जास्तीची फेड सुरूच करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. एकदा जास्तीची भरलेली रक्कम अडचणीत बँक परत देणार नाही.

आणि नवरा-बायको दोघांच्या हातात दरमहा थोडे पैसे असे असावेत, ज्यांचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती शून्य असेल तर लपवाछपवी सुरू होते. मुलांना आकडे सांगायची गरज नाही. 'अमुक महिन्यापर्यंत हे घ्यायचं नाही' एवढं नेमकं सांगितलेलं, 'बघू पुढे' पेक्षा त्यांना सहज पटतं.

तिसरा पर्याय समोर येतोच: सगळी कर्जं मिळून एकच नवं कर्ज. समजा ते १८ टक्क्यांनी मिळालं. 'ब' घराने ते घेऊन महिन्याला १४,०००च भरले, तर १७व्या महिन्यात सुटका आणि व्याज सुमारे २६,७८५. महाग आधी पद्धतीपेक्षा १४,००० हून जास्त बचत. तेच कर्ज ३६ महिन्यांच्या हप्त्याने, म्हणजे ७,२३० भरून फेडलं, तर व्याज सुमारे ६०,३००. दर कमी होऊनही सगळ्यांत महाग. हप्ता अर्ध्यावर आल्याचा आनंद फसवा असतो तो याच कारणाने.

'अ' घराला मात्र हे कर्ज १४,००० भरूनही तोट्याचं आहे: २६,७८५ विरुद्ध २४,३६८. त्यांच्या तीन कर्जांचा सरासरी दर १९.८ टक्के येतो, तेव्हा १८ स्वस्त वाटतं. पण त्यांचं ३६ टक्क्यांचं कर्ज नवव्या महिन्यात संपणारच होतं, आणि उरलेलं सगळं जवळपास १२ टक्क्यांवर होतं. सरासरी फक्त पहिल्या दिवशी खरी असते. यात प्रक्रिया शुल्क आणि जुनी कर्जं आधी बंद करण्याचं शुल्क धरलेलं नाही. दोन्ही लेखी विचारून बेरजेत घाला. रिकाम्या झालेल्या कार्डाची मर्यादाही त्याच आठवड्यात कमी करून घ्या, नाहीतर वर्षभरात नवं कर्ज आणि जुनं कार्ड दोन्ही डोक्यावर बसतात.

कुठलीही वाट धरली तरी शेवटचा हप्ता भरला म्हणजे कर्ज बंद झालं असं नाही. कार्डावर बिलाच्या तारखेपासून पैसे जमा होईपर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. रक्कम किरकोळ असते, पण ती न भरल्यास विलंब शुल्क लागतं. म्हणून 'शून्य' लिहिलेलं बिल येईपर्यंत दोन महिने लक्ष ठेवा. बाकीच्या कर्जांचा ना-देय दाखला (काही देणं उरलं नाही असा लेखी कागद) मागून घ्या, आणि तो हातात आला की बँकेतलं त्या हप्त्याचं स्वयंचलित देणं बंद झालंय का ते स्वतः तपासा.