मार्क हर्ड: शेवटचे तीन अल्बम, काही महिने ऐकून झाल्यावर

ख्रिस्ती रॉक म्हटलं की आपल्या चर्चच्या तरुण संघातला प्रकार आठवतो: चार कॉर्ड, चढत जाणारा कोरस आणि शेवटी सगळ्यांचे हात वर. मला त्याचं वावडं नाही, मीही गिटार घेऊन त्यात असतो. पण अमेरिकन गायक-गीतकार मार्क हर्ड त्या जातीचा नाही. त्या अपेक्षेनं लावलात तर दुसऱ्याच गाण्याला बंद कराल. पावसाळ्यापासून त्याचे ‘ड्राय बोन्स डान्स’ (1990), ‘सेकंड हँड’ (1991) आणि ‘सॅटेलाइट स्काय’ (1992) आलटूनपालटून ऐकतोय. कामावर जाताना हेडफोनवर, रात्री स्पीकरवर. नव्याचे नऊ दिवस कधीच सरलेत, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

हर्ड 1951चा, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावचा. स्वित्झर्लंडमध्ये ख्रिस्ती विचारवंत फ्रान्सिस शेफर यांच्या लाब्री या अभ्यासकेंद्रात जाऊन शिकला. श्रद्धेबद्दलचे अवघड प्रश्न तिथे दडपत नसत, आणि ते वळण त्याच्या गाण्यांत शेवटपर्यंत टिकलं. 1979 साली ख्रिस्ती रॉक गायक लॅरी नॉर्मनच्या सॉलिड रॉक या लेबलवर (रेकॉर्ड कंपनीवर) ‘अॅपलेशियन मेलडी’ आला, मग ऐंशीच्या दशकात एकामागून एक अल्बम. त्यांतला ‘व्हिक्टिम्स ऑफ द एज’ (1982) चांगला आहे. आयडिओला या नावानं काढलेला ‘ट्रायबल ऑपेरा’ (1987) मात्र यंत्रांच्या आवाजानं इतका भरलाय की माझा जीव रमला नाही. त्या काळच्या ध्वनीची आवड असणाऱ्यांनी ऐकून पाहावा.

खरा माल शेवटच्या तिघांत आहे. स्वतःचं फिंगरप्रिंट लेबल, घरचाच स्टुडिओ. ‘ड्राय बोन्स डान्स’मध्ये अॅकॉर्डियन, मँडोलिन, फिडल अशी गावाकडची वाद्यं आहेत. नाव बायबलमधल्या यहेज्केलाच्या पुस्तकाच्या 37व्या अध्यायातल्या सुक्या हाडांच्या खोऱ्यावरून घेतलंय. विषय मरणाचा आणि ताल पाय हलवणारा, त्यामुळे पहिल्याच ऐकण्यात हा अल्बम आवडून जातो. ‘सेकंड हँड’ला वेळ लागतो. आवाज दबका, शब्द दाट. कानांनी नुसतं ऐकून भागत नाही, एकदा तरी गाण्याचे बोल समोर धरून ऐकावं लागतं. मी तसं केलं तेव्हा ‘वरी टू मच’ कळलं. राष्ट्रांचा माज, इतिहासाची रेटारेटी, जगाचं सगळं ओझं मांडून झाल्यावर गाणारा म्हणतो की कदाचित मीच फार काळजी करतो. बातम्या बघून झोप न लागणाऱ्या माणसाला यात स्वतःचा चेहरा दिसेल. त्याच अल्बममधलं ‘नॉड ओव्हर कॉफी’ म्हणजे कामाच्या धबडग्यात नवरा-बायको सकाळी कपापाशी भेटतात तेवढंच. देवाधर्माचं वातावरण नसलेल्या घरातही ते सहज चालेल.

‘सॅटेलाइट स्काय’वर इलेक्ट्रिक मँडोलिन पुढे येतं आणि सगळं खरखरीत होतं. तक्रारही याच अल्बमबद्दल आहे. तो लांबलाय, मधली काही गाणी एकाच वेगात धावतात, आणि एका ओळीत मावणार नाहीत इतके शब्द हर्ड कोंबतो. सलग ऐकताना मी बऱ्याचदा मध्येच थांबलो. पण ‘ऑर्फन्स ऑफ गॉड’साठी परत गेलो. आपण देवाची अनाथ लेकरं असल्यासारखे जगतो, असं म्हणणारं गाणं ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात ठेवायचं कुठल्या फळीवर? माझ्या मते हर्डचं दुर्लक्षित राहणं इथूनच सुरू होतं. तिथल्या गिऱ्हाइकाला उत्तर हवं होतं आणि बाहेरच्या रेडिओला ‘ख्रिस्ती’ या शिक्क्याची धास्ती. गंमत अशी की बायबलमधलं 88वं स्तोत्र आपण मंडळीत (चर्चमध्ये) वाचतो, ते अंधारातच संपतं, आणि कुणी पाळकांना जाब विचारत नाही. विठ्ठलाला तोंडावर बोलणारे अभंग ऐकून मोठे झालेल्या मराठी कानांना तर यात काही आक्षेपार्ह वाटू नये.

त्याच्या मृत्यूची हकिगत आधी वाचू नका असं सांगणार होतो, पण लपवण्यातही अर्थ नाही. 4 जुलै 1992 रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या कॉर्नरस्टोन या ख्रिस्ती संगीत महोत्सवात पिअर्स पेटिस आणि केट मायनर यांच्यासोबत गाताना त्याला मंचावरच हृदयविकाराचा झटका आला. कार्यक्रम पुरा करूनच तो इस्पितळात गेला. 16 ऑगस्टला वारला तेव्हा चाळीस वर्षांचा होता. हे कळल्यावर काही आठवडे प्रत्येक ओळीत मला भाकीतच दिसत होतं. ‘ट्रेझर ऑफ द ब्रोकन लँड’मध्ये तो गेलेल्या माणसाला हाक मारतो, त्यामुळे ते तर ऐकवेना. आता तो भार उतरलाय आणि गाणं गाणं म्हणून ऐकू येतं. ते तसंच जास्त चांगलं आहे.

गाणाऱ्यांनी मात्र त्याला कधी सोडलं नाही. ब्रूस कॉकबर्ननं त्याच्या जाण्यावर ‘क्लोजर टू द लाइट’ लिहिलं. रिच मलिन्सनं 1993च्या अल्बममध्ये त्याचं ‘हाउ टू ग्रो अप बिग अँड स्ट्राँग’ घेतलं. पिअर्स पेटिस तर आपल्या अल्बमांवर त्याचं एकेक गाणं ठेवत आला. 2004 साली बडी मिलरनं ‘वरी टू मच’ गायलं, ते हर्डच्या मूळ गाण्यापेक्षा भारदस्त झालंय, हे कबूल करावं लागेल. मला तरीही मूळचंच जवळचं वाटतं. मिलरच्या आवाजात काळजीला एक ऐट येते, हर्डच्या आवाजात ती नुसती काळजी राहते.

नव्यानं ऐकणाऱ्यानं ‘ड्राय बोन्स डान्स’पासून सुरुवात करावी, त्यातही ‘स्ट्राँग हँड ऑफ लव्ह’पासून. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहावर वाढलेल्यांना ते लगेच आपलंसं वाटेल. मग बडी मिलर, आणि त्यानंतर ‘सेकंड हँड’, बोल वाचत. ‘सॅटेलाइट स्काय’ एका बैठकीत संपवायची घाई करू नका, तीन-चार गाणी झाली की थांबा. जुने अल्बम नंतर कधीतरी, तेही आवड जडली तरच.