बाटुमीत 'दरड कोसळली' म्हणून अर्ध्यातून परतवणारी सहल

जॉर्जियातल्या बाटुमीला आता आपल्याकडची बरीच कुटुंबं जातात, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. काळ्या समुद्राकाठचं हे शहर सुंदर आहे आणि आम्हाला भेटलेली बहुतेक माणसं भली होती. सावध राहायचं ते समुद्राकाठच्या बुलवार्डवर फोटोंचे फलक मांडून डोंगरातल्या सहली विकणाऱ्यांपासून. सगळे तसे नाहीत, पण आम्हाला भेटले ते पक्के तयार होते.

आम्ही सप्टेंबरात गेलो, सोबत सासूबाई. आमचं बोलणं ऐकून फलकाजवळचा मुलगा थेट मराठीत म्हणाला, "काकू, पुण्याच्या का? मी इथे मेडिकलला आहे. आजींना घेऊन निवांत जा, गाडी आपलीच आहे." फलकावर माखुंत्सेतीचा धबधबा, तामार राणीच्या नावाचा दगडी कमानीचा पूल, डोंगरातल्या खुलो गावाचा रोपवे आणि शेवटी 2025 मीटर उंचीवरची गोदेर्जी खिंड. माणशी 70 लारी (तिकडचं चलन), जेवण धरून. पैसे आगाऊ, तेही रोख. पावती म्हणून वहीचा एक चतकोर कागद मिळाला. त्यावर फक्त रक्कम आणि सकाळची वेळ. ठिकाणांची नावं लिहून दे म्हटलं तर, "फलकावर आहेतच की, काकू!"

सकाळी गाडीत तो नव्हताच. दुसराच ड्रायव्हर, इंग्रजी जेमतेम. तासाभरात पूल आणि धबधबा उरकला. पुढे एका दुकानापाशी गाडी थांबली ती दीड तास हलेना. वाइन चाखा, मध चाखा, चाचा (द्राक्षांची कडक दारू) चाखा, सगळं 'फ्री'. चाखून झाल्यावर मात्र बाई बिल घेऊन पुढे आली. अक्रोडाच्या माळा द्राक्षरसात बुडवून करतात त्या चुर्चखेलाचा भाव बाटुमीच्या बाजारातल्यापेक्षा दुपटीहून जास्त होता. जेवण म्हणजे तिथेच चौघांत मिळून एक खाचापुरी, म्हणजे चीज भरलेली रोटी.

मग ड्रायव्हर फोनवर बोलला आणि हात आडवा करून म्हणाला, "खुलो नो. लँडस्लाइड." बाटुमीत जवळजवळ मुंबईइतका पाऊस पडतो आणि त्या डोंगरात दरडी खरोखरच कोसळतात. आपण घाटातली माणसं, दरड म्हटलं की पुढे वाद घालत नाही. पण आम्ही रस्त्याकडेला उभे असताना वरून एक मार्शरुत्का, म्हणजे तिकडची वडाप, खाली आली. टपावर बटाट्याची पोती, आत माणसं खच्चून भरलेली. माझ्या नवऱ्याने हात करून विचारलं, "खुलो?" चालकाने वरच्या रस्त्याकडे बोट दाखवून अंगठा वर केला. आमच्या ड्रायव्हरने तोवर गाडी बाटुमीच्या दिशेने वळवलीही होती.

संध्याकाळी त्या मुलाला गाठलं. "काकू, मी फक्त कमिशनवर आहे, मालकाशी बोलतो," म्हणाला. निम्मे पैसे परत द्यायचं कबूल केलं आणि रात्री नंबर ब्लॉक केला. सासूबाईंना पैशांपेक्षा आपल्या माणसाने असं करावं हेच लागलं, आणि मलाही त्याचाच राग जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही साध्या मार्शरुत्काने खुलोला गेलो. अंतर सुमारे 80 किलोमीटर. शेवटपर्यंत नदीकाठची हिरवीगार दरी, वाटेत कुठेही दरड नाही. खुलोहून तागो गावाला जाणारा रोपवे 1.7 किलोमीटरचा आहे. गावकरी पिशव्या घेऊन त्यातून ये-जा करतात आणि पायाखाली अख्खी दरी दिसते. फलकवाल्यांनी आमच्यापासून चोरलं ते हे.

तुम्ही सहल घेणार असाल तर सगळ्यात लांबचं ठिकाण पावतीवर लिहून घ्या आणि निम्मे पैसे परतल्यावर द्या. यातलं काही मान्य नसेल तर तिथून निघा. 'रस्ता बंद' सांगितलं तर वरून येणाऱ्या गाडीवाल्याला विचारा, आणि तिकडचा आणीबाणीचा नंबर 112 आहे तो ड्रायव्हरसमोरच फोनवर काढा. वयस्कर माणसं सोबत असतील तर हॉटेलमार्फत अख्खी गाडी ठरवा. खिंडीपर्यंत जायचं असेल तर हिवाळ्यात मात्र तो रस्ता बर्फामुळे खरोखर बंद असू शकतो, तेव्हा जूनपासून सप्टेंबरपर्यंतच बेत करा.