नख रुतलं म्हणजे टायर ताजा, असं नसतं

ॲंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 402 मीटरच्या ड्रॅग शर्यतीत पळवण्यासाठी फोक्सवॅगन पोलोला वापरलेले ड्रॅग रेडियल (अशा शर्यतीसाठीचे मऊ रबराचे टायर) शोधत गेलं की विक्रेता पहिल्यांदा म्हणतो, "नख दाबून बघा." नख रुततं, पैसे दिले जातात. फसवणूक तिथेच झालेली असते.

वर्षानुवर्षं पडून कडक झालेल्या रबरावर मऊ करणारं द्रावण चोळून टायर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला की वरचा पापुद्रा नरम पडतो. बर्नआउटमध्ये, म्हणजे पळवण्याआधी चाकं जागेवर फिरवून टायर तापवताना, तो निघून जातो, खालचं कडक रबर उरतं आणि क्लच सोडताच पुढची चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणून नख नको, रबराचा कडकपणा मोजणारा शोअर-ए ड्युरोमीटर न्या. ट्रेडवर आणि खाचेच्या तळाशी, दोन्हीकडे मोजा. तळ बराच कडक निघाला तर वर काहीतरी चोळलंय. टायर आधी सावलीत थंड होऊ द्या. उन्हात ठेवलेलं रबर आपोआप मऊ दाखवतं, आणि हे विक्रेत्यालाही ठाऊक असतं. तेलकट उग्र वास आला तर पुढे बोलूच नका.

टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघा : 2219 म्हणजे 2019 सालचा 22वा आठवडा. तारखेसह पूर्ण कोड बहुधा एकाच बाजूला असतो. टायर रिमवर चढवूनच दाखवत असतील तर तारीख आत गेलेली असू शकते. चाक काढायला लावा. घासलेला कोड म्हणजे नकार.

दुसरी थाप मापाची. पोलोचं 185/60 आर15 (रुंदी मिमीत, साइडवॉल म्हणजे टायरची बाजू रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) सुमारे 603 मिमी उंच. 225/50 आर15 घेतला तर 606 मिमी, म्हणजे गिअरिंग जवळपास तेच आणि साइडवॉल 112 मिमी. "दिसायला भारी" म्हणून गळ्यात मारलेल्या 215/40 आर17 ची उंचीही 604च, पण साइडवॉल फक्त 86. लाँचचा, म्हणजे जागेवरून सुटतानाचा, झटका ती पचवत नाही. वर सल्ला मिळतो, "हवा 12 पीएसआय करा." मग मधला भाग उचलला जातो, पकड फक्त कडांना उरते, आणि टायर रिमवर सरकतो. टायर आणि रिमवर मिळून खडूची एक रेघ ओढा; पळवल्यावर ती तुटलेली दिसली तर हवा वाढवा. ड्रॅग रेडियलला 20च्या आसपास सुरुवात करून एकेक पीएसआय उतरवणं बरं.

रिममध्ये तर अक्षरशः जीव जाऊ शकतो. नवं पावडर कोटिंग बघून भुलू नका. तडा वेल्ड करून वर रंग मारलेला असतो, आणि हा तडा बहुधा आतल्या बाजूला, टायरची कड (बीड) बसते तिथे असतो. भोसरी-चिंचवडकडे वेल्डिंग तपासणारे डाय पेनेट्रंट चाचणी (रंगीत द्रव लावून तडा दाखवणारी) करून देतात. कोटिंग मात्र आधी काढावं लागतं. रिम "फोर्ज्ड" (ओतलेली नव्हे, दाबून घडवलेली) म्हटलं की काट्यावर वजन करा आणि कंपनीने दिलेल्या वजनाशी ताडून बघा. जेडब्ल्यूएल या जपानी रिम-मानकाचा शिक्का नकली रिमवरही ओतता येतो.

पोलोचं पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास मिमीत) 5×100, मधलं भोक 57.1 मिमी. 4×100 ची रिम अडॅप्टर लावून "बसते" म्हणणाऱ्याला हात जोडा. कंपनीच्या बोल्टचं बूड गोलाकार असतं, बाहेरच्या अलॉयची बैठक बहुतेकदा 60 अंशांची शंकूची. जुने बोल्ट त्यात कडेवरच टेकतात आणि दोन-चार लाँचमध्ये सैल होतात. शंकूचे बोल्ट वेगळे घ्या, हाताने किमान सात फेरे बसतात का बघा, मग 120 न्यूटन-मीटरला आवळा. पैसे देण्याआधी टायरशिवायची रिम बॅलन्सिंग मशीनवर फिरवायला लावा, म्हणजे ती वाकडी असेल तर दिसेल. विक्रेता "आता मशीन बंद आहे" म्हणाला, तर मशीन चालू असेल त्या दिवशी या.