अ‍ॅनिमे हुडी: भरतकामाची घेऊ की प्रिंटची?

थंडी जवळ आली की आमच्या ग्रुपवर हाच प्रश्न येतो आणि बरेच जण नुसता फोटो बघून ऑर्डर टाकतात. माझ्याकडे दोन्ही आहेत, दोन्ही भरपूर वापरल्यात, म्हणून सांगतो, आधी डिझाइन कसलं आहे ते बघा.

'नारुतो' या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेतला अकात्सुकी या खलनायकांच्या टोळीचा ढग घ्या. काळ्या कापडावर लाल ढग, भोवती पांढरी कड, बास. असली डिझाइन्स दोऱ्यातच खुलतात, सॅटिन टाक्याची (शेजारी शेजारी घट्ट घातलेल्या टाक्यांची) ती कड उन्हात अशी चमकते की प्रिंट तिच्या जवळपासही येत नाही. त्याच मालिकेतल्या उचिहा घराण्याचा पंखा, 'वन पीस'मधल्या लुफीची टोपी घातलेली कवटी, ही पण बिनधास्त भरतकामात घ्या.

चेहरा मात्र नको. दोऱ्यात प्रत्येक छटेला वेगळा दोरा लागतो, त्यामुळे शेडिंग तुटक दिसतं. मी 'डेमन स्लेयर'मधल्या तांजिरोचा चेहरा छातीवर चार इंचात भरलेली हुडी घेतली होती, डोळ्यातली चमक आणि केसातला लालसरपणा सगळा एक गोळा झाला, खूप वाईट वाटलं. बारीक जपानी अक्षरांचंही तेच, रेघा एकमेकींत मिसळतात. चेहरा, ज्वाळा, फाइट सीन हवा असेल तर सरळ प्रिंट घ्या.

टिकण्यात भरतकाम पुढे. डीटीएफ प्रिंट म्हणजे उष्णतेने चिकटवलेला थर, धुऊन धुऊन त्याला चिरा पडतात, कडा सुटतात, आणि थेट इस्त्री फिरवली तर संपलंच. दोन्ही हुड्या उलट्या करून गार पाण्यात धुवा.

पाठभर भरतकामाचा मोह मला कळतो, जपानमध्ये योकोसुकाची सुकाजान जॅकेटं आहेतच की, दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिक आठवण म्हणून पाठीवर ड्रॅगन, गरुड भरून न्यायचे. पण हुडीवर एवढा गच्च भराव केला की पाठ पुठ्ठ्यासारखी कडक होते आणि आतलं बॅकिंग (टाक्यांना आधार म्हणून मागे लावलेला थर) टोचतं. मोठं डिझाइन हवंच असेल तर अ‍ॅप्लिकचं बघा, त्यात कापडाचा तुकडा लावून फक्त कडेने टाके असतात, हलकं पडतं.

कापड पातळ असेल तर टाक्यांभोवती चुण्या येतात, म्हणून मोठ्या भरतकामाला ३०० जीएसएमच्या (कापडाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) वरची फ्लीस, म्हणजे आतून मऊ केसाळ असलेलं जाड कापड, बघा. पुणे-नाशिकच्या थंडीत ती मस्त चालते, मुंबईत घामाने जीव जाईल, तिथे फ्रेंच टेरी (फ्लीसपेक्षा हलकं कापड) आणि छातीवर छोटं चिन्ह एवढंच बरं.

भरतकामाचा दर बहुतेक हजार टाक्यांवर ठरतो, म्हणून भराव जास्त तेवढी किंमत जास्त. पाठभर भरतकाम फारच स्वस्तात दिसलं तर सावध व्हा, टाक्यांसारखं दिसणारं प्रिंटही मिळतं. विकणाऱ्याकडे आतल्या बाजूचा फोटो मागा, खऱ्या भरतकामात तिथे खालचा दोरा, बहुतेक वेळा पांढरा, आणि बॅकिंग दिसतं, आतून साफ कोरं असेल तर ते प्रिंटच समजा.